नानांच्या गाडीचं रबर

जगातलं कुठलंही साम्राज्य तोफांनी बुडालेलं नाही, ते फटींनी बुडालेलं आहे. पाणी फटीतून येतं, धूळ फटीतून येते; चोर, विंचू आणि बातमी हे तिघंही फटीतूनच येतात, आणि म्हणून ज्याच्या हाती फटी बुजवण्याची विद्या, त्याच्या हाती राज्य. यॉ बादूचं हे ठाम मत होतं. फक्त हे मत तो काम करता करता सांगत असे, आणि काम करताना त्याच्या तोंडात दाराच्या रबराचं एक टोक धरलेलं असे. त्यामुळे गिऱ्हाइकांना आजवर त्यातलं "म्म् फ् म्म्" एवढंच ऐकू आलं होतं. ती बिचारी मान डोलवायची.

अत्वेबोआ गावाबाहेर, कुमासीला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, मोटारी दुरुस्त करणाऱ्यांची वसाहत आहे. तिला सगळे मॅगझिन म्हणतात. इंजिनवाले पुढे, वेल्डिंगवाले मधे, रंगारी त्यांच्या मागे, आणि अगदी टोकाला, कडुनिंबाखाली, यॉ बादूची पत्र्याची शेड. खिडक्या-दारांची रबरं, बीडिंग आणि काचेच्या खोबणी, याखेरीज तो कशालाही हात लावत नसे. गाडी म्हातारी होते ती आधी तिथे होते, असं त्याचं म्हणणं. उन्हानं रबर कडक होतं, मग तडकतं, मग कोपऱ्यात आखडतं, आणि तिथून गाडीत ऋतू शिरू लागतात.

त्या वर्षी हरमाटन लवकर उतरला होता. उत्तरेच्या वाळवंटाची धूळ घेऊन येणारा तो कोरडा वारा. तो आला की ओठ फुटतात, दारं आखडतात, आणि सूर्य दिवसभर राखेत पुरलेल्या निखाऱ्यासारखा दिसतो. त्यातच गेल्या दरबाराला नाना आले नव्हते; इथे राजाला नाना म्हणतात. छत्री आली, ढोल आले, खुर्ची आली. खुर्चीत बसणारे राजे आले नाहीत. नाना जरा थकले आहेत, असं सांगण्यात आलं. लोकांनी ऐकून घेतलं.

अत्वेबोआत राजा मरत नाही. म्हणजे मरतो, पण राजवाड्याच्या मोठ्या ढोलांनी तसं जाहीर करेपर्यंत मरत नाही. मधे महिने लोटले तरी तो थकलेलाच असतो, आणि त्याला मेला म्हणणारा गुन्हेगार ठरतो. जुन्या काळी तर म्हणे थोर नाना एकटे जात नसत. वाटेत सोबतीला माणसं लागत, आणि ती माणसं संध्याकाळच्या वेळी रस्त्यावर जी सापडतील ती असत; त्यांची डोकी नानांबरोबर पुरत. आता तसं काही नाही. आता सरकार आहे, कायदा आहे, रेडिओ आहे. कायद्यावर गावाचा पूर्ण विश्वास आहे, फक्त दिवस मावळेपर्यंत.

अशा दिवसांत एके सकाळी ओक्यामे बाफो स्वतः गाडी चालवत यॉ बादूच्या शेडपाशी आला. ओक्यामे म्हणजे नानांच्या तोंडचा माणूस, त्यांच्या वतीनं बोलणारा; सोन्याच्या मुठीची काठी घेतल्याशिवाय तो अंगणातसुद्धा उतरत नसे. आज हातात काठी नव्हती. अंगावर गडद, जवळजवळ काळं वस्त्र होतं. आणि गाडी होती नानांची जुनी बेंझ, जिच्या स्टिअरिंगला ड्रायव्हरखेरीज कुणाचा हात लागलेला यॉ बादूनं पाहिला नव्हता.

"चारही दारं," बाफो म्हणाला. त्यानं खुशाली विचारली नाही. "चारही काचा. वारा नको, धूळ नको."

"होऊन जाईल, ओक्यामे. रबर पार मेलंय हे…" यॉ बादूनं जीभ चावली. "थकलंय."

बाफोनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "आणि वास."

"बाहेरचा वास आत येणार नाही, ही माझी जबाबदारी."

"बाहेरचा आत आला तरी चालेल," बाफो शांतपणे म्हणाला. "आतला बाहेर येता कामा नये."

यॉ बादूच्या हातातला पेचकस थांबला.

"इंजिनाचा आवाज थोडा राहील," तो काहीतरी बोलायचं म्हणून बोलला. "आत बसून बोलायचं झालं तर—"

"आत कुणी बोलणार नाही. मागच्या काचांना काळा कागद लाव. आत काय आहे ते दिसायला नको."

"बरं. कधी हवी?"

"परवा. दिवस मावळायच्या आत. नानांना आता फार थांबता येणार नाही."

"आणि मजुरीचं, ओक्यामे?"

"मागशील ते."

आता मात्र यॉ बादूनं पेचकस खाली ठेवला. अत्वेबोआत लोक मिठावर घासाघीस करतात, चर्चमधल्या दानावर करतात, एकानं तर डॉक्टर टाके घालत असताना केली होती. घासाघीस करत नाहीत ती फक्त मयताच्या सामानाची. शवपेटीचा भाव पाडला तर मेलेला माणूस रुसतो.

"हे आपल्या दोघांत," बाफो जाता जाता म्हणाला, आणि धुळीत पायी चालत निघून गेला. राजवाड्याचा माणूस, पायी!

यॉ बादू कामाला लागला. हात कामात असले की डोकं गप्प बसतं, असा त्याचा अनुभव होता. आज बसलं नाही. जुनं रबर त्यानं खोबणीतून उपसलं तेव्हा ते वाळक्या चामड्यासारखं तुकड्या-तुकड्यांनी निघालं. खोबण रॉकेलनं धुतली, जुनं सोल्युशन खरवडून काढलं. भंगारातल्या एका मोठ्या गाडीच्या दाराचं जाड रबर त्यानं कधीपासून जपून ठेवलं होतं, ते काढलं. रबर बसवताना ओढायचं नसतं. ओढून बसवलं की त्या दिवशी छान दिसतं आणि महिन्याभरात आखडून कोपरे उघडे टाकतं. म्हणून तो साबणाचं पाणी लावून, अंगठ्यानं थोडं थोडं दाबत, मागे रेटत बसवत असे, आणि जोड नेहमी खालच्या बाजूला घेत असे. आज तो ते अधिकच प्रेमानं करत होता. हे रबर कोपऱ्यात उघडं पडलं आणि आतला वास बाहेर आला, तर पुढे काय होईल याचा विचार त्याला करवत नव्हता, आणि तो तोच करत होता.

शेवटी त्यानं परीक्षा घेतली. डासांची कॉइल पेटवून मागच्या सीटखाली ठेवली, दारं लावली आणि गाडीभोवती फिरू लागला. फट असेल तिथून धूर बाहेर येतो. गाडीच्या आत धूर हळूहळू भरला, काळ्या काचांमागे वळवळला, काचेला चिकटला. बाहेर एक तारसुद्धा आली नाही. यॉ बादूला आयुष्यात प्रथमच आपल्या कामाचा अभिमान वाटला नाही.

शेजारचा रंगारी एबेनेझर हात पुसत येऊन उभा राहिला. एबेनेझर स्वभावानं वाईट नव्हता. त्याला फक्त ऐकलेली गोष्ट पोटात ठेवली की जळजळ व्हायची.

"काय रे रबर मास्टर, मासे वाफवतोस का?"

"धूर पाहतोय."

"एवढं घट्ट? पाणबुडी करायचीय का हिची?" त्यानं काळी काच ठोठावली. "का शवपेटी?"

तो हसला. यॉ बादू हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावरून रक्त असं उतरलं की एबेनेझरचंही हसू अर्ध्यावर अडकलं.

"अरे, गंमत केली लेका."

"एबेनेझर," यॉ बादू हळू आवाजात म्हणाला, "आज जरा लवकर घरी जा."

एवढंच. त्याहून एक अक्षर तो जास्त बोलला नाही, हे त्यानं पुढे स्वतःला कितीदा तरी सांगितलं. पण अत्वेबोआत त्याहून जास्त लागत नाही. एबेनेझरनं गाडीकडे पाहिलं, गाडी कुणाची ते पाहिलं, धूर पाहिला, आणि दुकानाला कुलूप न लावताच निघून गेला.

त्यानंही कुणाला काही सांगितलं नाही. त्यानं फक्त बायकोला विचारलं की घरात पाणी भरलेलं आहे ना. बायकोनं बहिणीला विचारलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावात कुणी काही बोललं नव्हतं आणि अख्ख्या गावाला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅगझिनमध्ये हातोडे दबकत पडत होते. दुपार कलली तशा शेड एकेक करून बंद होऊ लागल्या. "डोकं दुखतंय जरा," वेल्डर म्हणाला, आणि डोकं हा शब्द उच्चारल्याबद्दल सगळ्यांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं. पाद्रीबुवांनी संध्याकाळची प्रार्थना सकाळीच उरकून घेतली. देवाला वेळेचं बंधन नाही, असं त्यांनी सांगितलं. नळावर बायका घोळक्यानं जाऊ लागल्या. चौकात संध्याकाळी कढया मांडून बसणाऱ्या बायकांपैकी एकही आली नाही. दिवे लागायच्या सुमारास ज्या चौकात गर्दीतून सायकल काढता येत नसे, तिथे एक कुत्रं उभं राहिलं, आपलं काही चुकलं आहे का ते आठवून पाहिलं, आणि निघून गेलं.

ठरल्या दिवशी बाफो गाडी न्यायला आला. मॅगझिन ओस पडलं होतं. यॉ बादू एकटा कडुनिंबाखाली उभा होता, कारण गिऱ्हाइकाला गाडी न देता पळून जाणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. ते एकदा त्यानं मनात तपासून पाहिलं होतं.

बाफोनं रबरावरून बोट फिरवलं. मग मागचं दार उघडलं. "बस आत."

"मी?"

"तुझंच काम आहे. दुसरं कोण बसणार?"

यॉ बादू आत बसला. दार लागलं, आणि जग बंद झालं. वारा, पानांची सळसळ, रस्त्यावरचे ट्रक, काही म्हणजे काही नाही. फक्त स्वतःच्या कानातलं रक्त. काळ्या काचेपलीकडे बाफो उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. यॉ बादू त्या ओठांकडे पाहत राहिला. मग दार उघडलं.

"काय ऐकलंस?"

"काही नाही, ओक्यामे."

"छान. मी तुझं नाव घेऊन तीनदा ओरडलो." बाफो समाधानानं मान हलवत स्टिअरिंगमागे बसला. "तुझं घर पाण्याच्या टाकीजवळ ना रे?"

"हो."

"घरी कोण असतं?"

"बायको. एकटीच."

"मुलं?"

"ती अक्राला असतात."

"बरं आहे," बाफो म्हणाला, आणि गाडी निघून गेली. काय बरं आहे ते त्यानं सांगितलं नाही.

घरी सेरवा उखळात कसावा कांडत होती. तिनं नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं. मुसळाचा ताल चुकला नाही.

"तर तुम्हाला वाटतं, तुम्हाला सोबतीला नेणार?"

"माझं नाव विचारलं नाही त्यानं. घर विचारलं."

"अहो, तुमचं डोकं कुणाला हवंय? वर केस नाहीत, आत काय आहे ते मला विचारा. नानांना तिकडे राज्य करायचं असेल तर ते चांगला स्वयंपाकी नेतील, ढोलवाला नेतील. रबरवाला कशाला?"

"तिकडे वाटेत धूळ असेल," यॉ बादू कळवळून म्हणाला.

"तिकडच्या वाटेला?"

"आणि मी बोललो, सेरवा. एबेनेझरला. ओक्यामेनं 'हे आपल्या दोघांत' म्हटलं होतं, आणि आज गावात चिटपाखरू नाही. त्याला दिसतंय सगळं. बोलणारा मीच, हे कळायला काय लागतं?"

आता मात्र मुसळ थांबलं. नवऱ्याचं डोकं कुणाला नको, याबद्दल तिची खात्री होती. पण नवऱ्याच्या तोंडाची किंमत राजवाडा वसूल करू शकतो, हे तिलाही ठाऊक होतं. जाहीर होण्याआधी बोललेल्याला पूर्वी काय करत ते कुणी सांगत नसे, आणि हल्ली काय करतात हेही कुणी सांगत नसे. ती दुसरी गोष्ट जास्त वाईट होती.

"दाराला कडी लावा," ती म्हणाली.

कडी लावून ती दोघं बसली. बाहेर उजेड तांबूस झाला, मग राखी झाला. कुणाच्या घरातून रेडिओ नाही, कुणाच्या अंगणातून मुलाचं रडणं नाही. आणि मग गाडी आली. इंजिन बंद करून सरकत आली, त्यामुळे आली ते ऐकू आलं नाही. कुंपणाच्या फटीतून एक काळी कड सरकताना दिसली, आणि थांबली.

"रबर मास्टर!" बाफोचा आवाज. "बाहेर ये."

यॉ बादू उठला. तो काही शूर नव्हता, पण कडी फळकुटाची होती आणि ती त्यानंच बसवली होती, तेव्हा तिचा भरवसा किती ते त्याला माहीत होतं. जाताना त्यानं सेरवाला सांगितलं, "मोठ्या मुलाला सांग, सोल्युशनच्या डब्याचं झाकण नीट लावत जा." मरताना माणसाच्या तोंडून काहीतरी मोठं निघावं अशी अपेक्षा असते. त्याला एवढंच सुचलं.

बाफोनं मागचं दार उघडून धरलं होतं. आत अंधार होता, आणि अंधारात सीटवर, कोपऱ्यात, वस्त्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मोठं आणि न हलणारं.

"बस."

यॉ बादू बसला. दार लागलं, बाफो पुढे बसला, तेही दार लागलं, आणि सगळं जग पुन्हा एकदा बंद झालं. काचेपलीकडे सेरवा अंगणात आली होती. तिच्या हातात मुसळ होतं आणि तोंड पूर्ण उघडं होतं. ती गल्लीला ऐकू जाईल अशी किंचाळत असणार. आत मुंगीच्या पावलाएवढाही आवाज नव्हता. अत्वेबोआत असं काम करणारा दुसरा कारागीर नाही, असा एक विचार यॉ बादूच्या मनात येऊन गेला, आणि त्याला रडू फुटलं.

मग त्याच्या शेजारचं ते न हलणारं हललं.

वस्त्र बाजूला झालं. नाना त्याच्याकडे पाहत होते. चांगले पाहत होते. मग ते पुढे वाकले आणि बाफोच्या कानात काहीतरी पुटपुटले. राजा सामान्य माणसाशी थेट बोलत नाही. तो ओक्यामेला सांगतो, ओक्यामे सांगतो. यॉ बादूच्या गुडघ्याला नानांचा गुडघा लागलेला असला तरी रिवाज तो रिवाज.

बाफोनं मान वळवली आणि दरबारी आवाज लावला. "नाना विचारतात, गावात कोण गेलं?"

यॉ बादू दाराला आणखी चिकटला.

"चौक रिकामा आहे. आमची गाडी पाहून बायका दारं लावून घेतात. वाटेत पाद्रीबुवा दिसले, ते गटारात उतरले. नाना म्हणतात, कुणी थोर माणूस गेला असेल तर राजवाड्यातून दारू आणि बकरं जायला हवं. घर सांग."

"ओक्यामे, नानांना सांगा…" यॉ बादूनं घाम पुसला. "सांगा, की नुसती कुजबुज आहे."

बाफोनं ते नानांना सांगितलं. नानांनी ते बाफोकडून नीट ऐकून घेतलं, मग पुटपुटले.

"नाना विचारतात, कुणाबद्दल?"

"मोठ्या माणसाबद्दल."

"किती मोठ्या?"

यॉ बादूची नजर एकदा नानांच्या वस्त्राकडे गेली आणि घाबरून परत आली. नानांनी ती नजर पकडली. ती गाडी इतकी बंद होती की तिघांचे श्वास वेगवेगळे मोजता आले असते.

शेवटी बाफोच म्हणाला, आणि हे त्यानं स्वतःच्या आवाजात म्हटलं, "तू बोललास?"

"मी फक्त लवकर घरी जा म्हटलं, ओक्यामे. आईशप्पथ. आतला वास बाहेर नको म्हणालात, घासाघीस केली नाहीत, मला वाटलं…"

नाना बाफोच्या कानाशी वाकले. बराच वेळ बोलले. बाफोचा चेहरा दगडाचा होता.

"नाना म्हणतात, डॉक्टरांनी त्यांचं तेलकट आणि गोड बंद केलं आहे. राजमाता, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहीणबाई, स्वतः लक्ष ठेवतात. राजा चारचौघांत खात नाही, म्हणून नाना संध्याकाळी गाडीत बसून चौकातली केलेवेले खात. पिकली केळी, आलं-मिरचीत घोळून तळलेली. पण रबर फाटलेलं. गाडी अंगणात शिरायच्या आधी वास शिरायचा. राजमातेनं पकडलं, आणि दरबाराच्या रविवारी शिक्षा म्हणून काढा पाजून निजवून ठेवलं."

यॉ बादूनं नानांकडे पाहिलं. नानांनी नजर दुसरीकडे वळवली, काळ्या काचेबाहेर, जिथे सेरवा आता मुसळ उगारून गाडीला फेऱ्या घालत होती.

"नाना म्हणतात, रबराचं काम उत्तम झालं आहे."

"नानांची कृपा."

"नाना म्हणतात, जिवंत राजाला मेलेला ठरवणं हा मोठा गुन्हा आहे. त्याची शिक्षा पंच ठरवतात. पण पंचांसमोर हे प्रकरण गेलं, तर वासाचा विषय निघेल. राजमाता पंचांत आहेत."

"मग?"

नाना पुन्हा वाकले. या वेळी बाफोनं ऐकलं, थोडा थबकला, आणि पहिल्यांदाच त्याचा दरबारी आवाज जरासा ओशाळला.

"नाना म्हणतात, तुझ्या पायी चौकातली एकही कढई आज चढली नाही. नाना दुपारपासून उपाशी आहेत. तुझ्या घरी मुलं नाहीत, बाहेर कुणी बोलणार नाही, म्हणून इथे आलो. तुझ्या घरात पिकलेली केळी असतील का?"

"आहेत, ओक्यामे. घडच आहे. सेरवा लगेच तळेल."

त्यानं दाराच्या मुठीला हात घातला. तेवढ्यात नानांनी त्याची बाही धरली, बाफोकडे न पाहता त्याच्याकडे झुकले, आणि सगळा रिवाज बाजूला ठेवून स्वतःच्याच आवाजात, हळूच म्हणाले,

"तिला म्हणावं, आलं जरा जास्त घाल."